२८७.५ नॅनोमीटरला ऑक्सिजनचा रेम्पी सिग्नल गायब होतो तेव्हा: काय आधी तपासायचे, काय शेवटी उघडायचे

लेसर चालू आहे, व्हॅक्यूम ठीक आहे, व्हॉल्व्ह दर सेकंदाला दहा वेळा टकटक करतो आहे, आणि ऑसिलोस्कोपवर वस्तुमान ३२ च्या, म्हणजे ऑक्सिजनच्या आयनाच्या, जागी सपाट रेष. किंवा सिग्नल आहे, पण सकाळी होता त्याच्या चौथा हिस्सा उरला आहे. रेम्पी, म्हणजे लेसरचे अनेक फोटॉन देऊन रेणू आधी एका उत्तेजित अवस्थेला नेणे आणि मग त्याचा आयन करणे. या पद्धतीने रेणवीय ऑक्सिजनच्या उत्तेजित अवस्थांवर अतिनील लेसरने काम करणाऱ्यांना ही अडचण पुन्हा पुन्हा येते. बहुतेक वेळा तिचे कारण ऑक्सिजनमध्ये नसते आणि चेंबरमध्येही नसते. म्हणून चेंबर उघडण्याची घाई करू नका. एकदा उघडला की पुन्हा चांगला व्हॅक्यूम यायला एक दिवस जातो, आणि मूळ दोष बाहेर टेबलावरच राहिलेला असतो.

इथे धरलेली मांडणी अशी आहे: १० हर्ट्झचा एनडी-याग लेसर, त्याच्या ५३२ नॅनोमीटर प्रकाशावर चालणारा डाय लेसर (रंगद्रव्याच्या द्रावणाचा, तरंगलांबी बदलता येणारा), ५७५ च्या आसपासच्या नारिंगी-पिवळ्या प्रकाशाची वारंवारता बीबीओ क्रिस्टलमध्ये दुप्पट करून मिळणारा २८७.५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश, २५० मिमी नाभीय अंतराचे भिंग, पल्स्ड व्हॉल्व्हमधून येणारा ऑक्सिजनचा झोत, आयनांना वस्तुमानाप्रमाणे वेगवेगळ्या वेळी पोचवणारी टाइम-ऑफ-फ्लाइट नळी आणि शेवटी ते टिपणारा डिटेक्टर, मायक्रोचॅनेल प्लेट.

प्रक्रिया डोळ्यांसमोर ठेवली तर पुढची प्रत्येक तपासणी का करायची ते आपोआप कळते. २८७.५ नॅनोमीटरच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे ४.३१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. ऑक्सिजनची मूळ अवस्था ट्रिप्लेट (दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन एकाच दिशेने) आहे आणि सममितीने 'जी' प्रकारची, म्हणजे केंद्राभोवती उलटवली तरी चिन्ह न बदलणारी. रिडबर्ग प्रकारची (एक इलेक्ट्रॉन दूरच्या कक्षेत गेलेली) सी अवस्थाही 'जी'च, म्हणून एका फोटॉनने तिथे जायला मनाई आणि दोन फोटॉनांनी परवानगी. दोन फोटॉन मिळून ८.६३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट होतात. तेवढ्यावर रेणू सी अवस्थेच्या दुसऱ्या कंपनपातळीला पोचतो. तिसरा फोटॉन एकूण ऊर्जा १२.९४ पर्यंत नेतो, आणि ऑक्सिजनची आयनन ऊर्जा १२.०७ आहे, त्यामुळे आयन सुटतो. एकूण तीन फोटॉन लागतात, म्हणून सिग्नल अतिनील ऊर्जेच्या दुसऱ्या ते तिसऱ्या घाताने बदलतो. ऊर्जा दहा टक्के घटली तर सिग्नल १९ ते २७ टक्के घटतो. ऊर्जा निम्मी झाली तर सिग्नल चौथा ते आठवा हिस्सा उरतो. ज्या घसरणीकडे डोळा सहज कानाडोळा करतो, तिच्यातच ऑक्सिजनचा सिग्नल नाहीसा होतो.

आधी लक्षणे नीट लिहून घ्या

कशालाही हात लावण्याआधी पुढच्यापैकी नेमके काय दिसते आहे ते वहीत लिहा.

१. कुठल्याच वस्तुमानाला काही नाही, पार्श्वभूमीचे हायड्रोकार्बनही नाहीत. दोष बहुधा प्रकाशाची वेळ, डिटेक्टर किंवा ऑसिलोस्कोप यांत आहे.

२. बाकी वस्तुमाने दिसतात, फक्त ३२ नाही. तरंगलांबी, वायू किंवा व्हॉल्व्हची वेळ पाहा.

३. ३२ दिसते, पण तरंगलांबी फिरवली तरी ते हलत नाही. हा अनुनादी, म्हणजे ठरावीक तरंगलांबीलाच वाढणारा, सिग्नल नव्हे.

४. वर्णपटातल्या ओळी सुंदर आहेत, पण सगळ्या एकाच बाजूला सरकलेल्या. कॅलिब्रेशन चुकले आहे.

५. ओळी आहेत, पण थंड झोतात अपेक्षित असतात त्यापेक्षा कितीतरी जास्त. झोत थंड होत नाही, किंवा दिसतो तो चेंबरमधला साचलेला वायू आहे.

६. तासाभरात हळूहळू मरतो. क्रिस्टल, डाय किंवा खिडकी.

७. पल्सगणिक उड्या मारतो. लेसरच्या ऊर्जेत पाच टक्के चढउतार असला तरी सिग्नलमध्ये दहा-पंधरा टक्के येणारच. त्यापेक्षा जास्त असेल तरच शोध सुरू करा.

तिसरे लक्षण सर्वांत फसवे, कारण त्यात पडद्यावर शिखर असते आणि माणूस समाधान मानून पुढे जातो. चेंबरचे भाग मिथेनॉलने पुसून घाईने बंद केले असतील तर मिथेनॉलचेही वस्तुमान ३२ च आहे. त्याची आयनन ऊर्जा १०.८४, म्हणजे प्रखर नाभीवर तीन फोटॉनांत तेही आयन देते. ३२ सोबत ३१ चे शिखर दिसले तर मिथेनॉलचा संशय घ्या. तरंगलांबी ०.१ नॅनोमीटर सरकवून पाहा: ऑक्सिजन असेल तर शिखर वर-खाली होईल, मिथेनॉल जागचे हलणार नाही.

पहिली फेरी: हात न लावता, फुकट

ऑसिलोस्कोपपासून सुरुवात करा. हास्यास्पद वाटेल इतकी साधी तपासणी आहे, पण निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. प्रवेग २००० व्होल्ट आणि मुक्त नळी एक मीटर धरली तर वस्तुमान ३२ ला त्या एका मीटरसाठी सुमारे ९.१ मायक्रोसेकंद लागतात, २८ ला ८.५ आणि १६ ला ६.४. वेळ वस्तुमानाच्या वर्गमुळाने जातो, त्यामुळे एक शिखर ओळखले की बाकीची हिशेबाने सापडतात. आता कोणी व्होल्टेज २००० वरून १९०० केले असेल तर ३२ चे शिखर सुमारे २४० नॅनोसेकंद पुढे सरकते. बॉक्सकारची, म्हणजे ठरावीक क्षणापुरताच सिग्नल मोजणाऱ्या उपकरणाची, खिडकी १०० नॅनोसेकंदांची असेल तर ती रिकामी जागा मोजत बसते. सिग्नल गेलेला नसतो, फक्त खिडकीबाहेर गेलेला असतो.

शून्य वेळ विखुरलेल्या प्रकाशावरून धरा. लेसरचा थोडा प्रकाश चेंबरच्या भिंतींवर आपटून मायक्रोचॅनेल प्लेटवर येतो आणि एक तीक्ष्ण शिखर देतो. ते दिसत असेल तर एका झटक्यात दोन गोष्टी कळतात: प्रकाश चेंबरात पोचतो आहे, आणि डिटेक्टर जिवंत आहे.

मग व्हॉल्व्ह आणि लेसर यांच्यातला विलंब. वायूचा सिलिंडर बदलल्यानंतर सिग्नल गेला असेल तर थेट इथेच या. खोलीच्या तापमानाला सुटलेल्या शुद्ध ऑक्सिजनच्या झोताचा वेग सेकंदाला सुमारे ७४० मीटर असतो. नोझलपासून लेसरपर्यंत १०० मिमी अंतराला त्याला १३५ मायक्रोसेकंद लागतात. आर्गॉनमध्ये थोडासा ऑक्सिजन मिसळला तर झोत आर्गॉनच्या चालीने चालतो, ५६० च्या आसपास, आणि तेच अंतर १८० मायक्रोसेकंदांत पार होते. हेलियममध्ये पाच टक्के ऑक्सिजन असेल तर जेमतेम ६५. म्हणजे आर्गॉनवरून हेलियमवर आलात आणि विलंब तसाच ठेवलात, तर लेसर येईपर्यंत झोत निघून गेलेला असतो. विलंब १० मायक्रोसेकंदांच्या पायऱ्यांनी ५०० मायक्रोसेकंदांपर्यंत फिरवा आणि सिग्नलचा आलेख काढा. पाच मिनिटांचे काम आहे. या आलेखाची रुंदी म्हणजे व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहतो याचा अंदाज. तो आलेख जपून ठेवा, पुढे लागेल.

दुसरी फेरी: अतिनील ऊर्जा, पण योग्य जागी मोजलेली

गॉगल आधी घाला. इथे तीन रंग एकाच वेळी हजर असतात: ५३२, ५७५ आणि न दिसणारा २८७.५. एका रंगाचा गॉगल दुसऱ्याला अडवतोच असे नाही, म्हणून काचेवर छापलेले आकडे वाचा. अतिनील पल्स डोळ्याला जाणवत नाही, इजा मात्र काही तासांनी, वाळू गेल्यासारखी, जाणवते. झोत शोधायला साधे पांढरे व्हिजिटिंग कार्ड घ्या. कागदातल्या उजळकांमुळे अतिनील ठिपका निळा चमकतो.

ऊर्जा फक्त क्रिस्टलच्या तोंडाशी मोजून थांबू नका. चेंबरच्या खिडकीच्या आधी मोजा आणि शक्य असेल तर समोरच्या खिडकीतून बाहेर पडल्यावरही मोजा. या दोन आकड्यांतला फरक खिडक्यांचा हिशेब देतो. चांगल्या फ्यूज्ड सिलिकाच्या प्रत्येक पृष्ठभागावर साधारण चार टक्के परावर्तन होते, म्हणून दोन खिडक्या आणि चार पृष्ठभाग मिळून १५ टक्क्यांच्या आसपास घट समजण्यासारखी आहे. ४० टक्के घट असेल तर खिडकी जळली आहे, तिच्यावर थर बसला आहे, किंवा कोणीतरी बीके-७ ची काच बसवली आहे. ही काच डोळ्याला तशीच पारदर्शक दिसते, पण २८७ च्या आसपास मिलिमीटरगणिक प्रकाशाचा मोठा भाग गिळते. भिंगाच्या बाबतीतही तेच: बीके-७ चे भिंग आणि फ्यूज्ड सिलिकाचे भिंग शेजारी ठेवले तर ओळखता येत नाहीत. डब्यावरचे लेबल हरवलेले भिंग या कामाला वापरू नका.

ऊर्जा कमी भरली तर आधी क्रिस्टलचा कोन. तो हाताने बारीक फिरवून कमाल शोधा. स्कॅन करताना क्रिस्टल आपोआप मागे फिरणारी यंत्रणा असेल तर तिचा तक्ता फक्त दोन टोकांना तपासणे पुरेसे नाही. ५७३, ५७४, ५७५, ५७६ आणि ५७७ या पाच ठिकाणी हाताने कमाल शोधून तक्त्यातल्या कोनाशी ताडून पाहा. तक्ता मधेच घसरलेला असेल तर वर्णपटाच्या मध्यभागी प्रत्यक्षात नसलेला खळगा तयार होतो आणि वाचणारा त्याला प्रीडिसोसिएशन (आयन व्हायच्या आधीच रेणू फुटणे) समजून पुढची पानेच्या पाने लिहितो. यावर एकच इलाज, प्रत्येक पल्सची ऊर्जा फोटोडायोडने नोंदवा आणि सिग्नल तिने भागा. भागताना घात दोनच धरू नका, चौथ्या फेरीतल्या ऊर्जेच्या आलेखातून आपल्या यंत्राचा घात काढून तो वापरा.

पावसाळ्यात मुंबई-कोकणातल्या प्रयोगशाळांना आणखी एक वेगळी काळजी घ्यावी लागते. खोलीची हवा २६ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २३ अंशांच्या वर असतो. लेसरचे थंड पाणी २० अंशांवर असेल तर त्याला चिकटलेल्या धातूवर आणि कधी काचेवर दव धरते. बीबीओचा पृष्ठभाग ओलाव्याने धुरकट होतो, केडीपी या दुसऱ्या प्रकारच्या क्रिस्टलचा तर त्याहून लवकर. क्रिस्टलचा छोटा हीटर रात्रीही बंद करू नका. वीजबिलात वाचवलेले चार पैसे नव्या क्रिस्टलच्या किमतीपुढे काहीच नाहीत.

तिसरी फेरी: तरंगलांबी, आणि हवा-व्हॅक्यूमचा घोळ

ऊर्जा बरोबर, वेळ बरोबर, पार्श्वभूमीचे आयन दिसतात आणि तरीही ३२ नाही, तर तुम्ही चुकीच्या जागी उभे आहात. डाय लेसरच्या पडद्यावरचा आकडा ग्रेटिंगच्या यांत्रिक कोनावरून काढलेला असतो. खोलीचे तापमान बदलले, ग्रेटिंगच्या स्क्रूला सैलपणा आला, कोणी आरसा छेडला, की तो आकडा खोटा होतो.

शिवाय इथे चूक गुणाकाराने वाढते. मूळ प्रकाशातली १ सेमी⁻¹ ची चूक दुप्पट केल्यावर २, आणि दोन फोटॉनांच्या ऊर्जेत ४ सेमी⁻¹ होते. त्यात हवा आणि व्हॅक्यूममधल्या तरंगलांबीचा फरक मिसळला की गोंधळ पुरा होतो. ५७५ नॅनोमीटरला हा फरक सुमारे ०.१६ नॅनोमीटर आहे, म्हणजे जवळपास ४.८ सेमी⁻¹, आणि दोन फोटॉनांच्या पातळीवर सुमारे १९ सेमी⁻¹. ऑक्सिजनच्या रोटेशनल ओळींमधले अंतर याहून कमी असते, त्यामुळे सगळा वर्णपट एका ओळीने सरकून बसतो आणि दिसायला अगदी बरोबर वाटतो. जुन्या नोंदवहीतला आकडा हवेतला की व्हॅक्यूममधला, हे लिहिलेले नसेल तर त्या आकड्यावर विसंबू नका.

स्वस्त कॅलिब्रेशन निऑनच्या होलो कॅथोड दिव्याने होते. मूळ पिवळ्या प्रकाशाचा थोडासा भाग दिव्यात सोडायचा आणि दिव्याच्या प्रवाहातला बदल पाहायचा. आपल्या पट्ट्यात सोयीच्या ओळी अशा, सगळ्या हवेतल्या तरंगलांबीत: ५७४.८३०, ५७६.४४२, ५८५.२४९ आणि ५८८.१९० नॅनोमीटर. पहिल्या दोन ५७५ च्या दोन्ही बाजूंना बसतात, म्हणून त्याच घ्या. दोन ओळी जुळल्या तर उतार आणि सरक दोन्ही कळतात. एकाच ओळीवर केलेले कॅलिब्रेशन फक्त त्याच जागी खरे असते. आणखी बारीक काम हवे असेल तर आयोडीनची काचेची कुपी ठेवा, त्या पट्ट्यात आयोडीनच्या शोषणओळी दाट आहेत.

स्कॅन नेहमी एकाच दिशेने करा. कमी तरंगलांबीकडून आलात तर प्रत्येक वेळी तिकडूनच या, आणि सुरुवातीच्या जागेच्या ०.५ नॅनोमीटर मागे जाऊन मग पुढे चला. स्क्रूतला सैलपणा त्याने खाऊन टाकला जातो. मूळ प्रकाशात ०.००२ नॅनोमीटरची पायरी घेतली तर दोन फोटॉनांच्या पातळीवर ती सुमारे ०.२४ सेमी⁻¹ पडते. सुरुवातीच्या शोधाला तेवढी पुरते.

ओळखताना हे ध्यानात असू द्या. सामान्य ऑक्सिजनच्या रेणूत दोन्ही अणुकेंद्रे १६ वस्तुमानाची आणि शून्य स्पिनची असतात, त्यामुळे मूळ अवस्थेत फक्त विषम रोटेशनल पातळ्या भरलेल्या असतात: १, ३, ५, ७. सर्वांत खालची पातळी १ क्रमांकाची आहे, शून्याची नाही. प्रत्येक पातळी इलेक्ट्रॉनच्या स्पिनमुळे तीन भागांत फुटते. क्रमांक १ च्या पातळीत हे भाग एकमेकांपासून दोन ते चार सेमी⁻¹ अंतरावर आहेत. म्हणून जवळजवळ तीन-तीन ओळी दिसल्या की लेसर दोन मोडवर चालतो आहे असे समजून ऑसिलेटर छेडू नका. तो रेणूचा स्वभाव आहे. वरच्या सी अवस्थेलाही स्पिन-कक्षा जोडणीमुळे तीन उपपट्ट्या आहेत, त्या २८७ ते २८९ नॅनोमीटरच्या पट्ट्यात पसरतात. शिवाय सी अवस्था प्रीडिसोसिएट होते, आयन व्हायच्या आधीच तिचे काही रेणू फुटतात. त्यामुळे प्रत्येक ओळीला स्वतःची रुंदी आहे. लेसर कितीही अरुंद केला तरी ती जाणार नाही, आणि त्यासाठी एटालॉनवर (लेसरचा पट्टा अरुंद करणाऱ्या घटकावर) पैसे घालण्यात अर्थ नाही.

चौथी फेरी: नाभी, आणि ऊर्जेचा आलेख

भिंगाची नाभी दिसणाऱ्या प्रकाशाने लावली असेल तर ती चुकली आहे. फ्यूज्ड सिलिकाचा अपवर्तनांक पिवळ्या प्रकाशाला सुमारे १.४५९ आणि २८७.५ ला सुमारे १.४९२ असतो. कॅटलॉगमध्ये २५० मिमी लिहिलेल्या भिंगाची नाभी अतिनील प्रकाशात सुमारे २३३ मिमीवर येते. सतरा मिलिमीटर! झोताची रुंदी दोन-तीन मिलिमीटर असते, म्हणजे नाभी झोताच्या पूर्ण बाहेर. भिंग सरकत्या बैठकीवर ठेवा आणि प्रत्यक्ष ३२ च्या सिग्नलवर कमाल शोधा.

त्याचबरोबर ऊर्जेचा आलेख काढा. अतिनील ऊर्जा पाच-सहा पायऱ्यांनी कमी करत सिग्नल मोजा आणि दोन्हींच्या लॉगॅरिदमचा उतार पाहा. उतार २ ते ३ आला तर ठीक. १ च्या जवळ आला तर एक तर अनुनाद संपृक्त झाला आहे, नाही तर दिसते ते दुसऱ्याच एखाद्या रेणूचे आहे. वस्तुमान १६ चे शिखर ३२ च्या तुलनेत वाढत असेल, ३२ चे शिखर रुंद होत असेल, ओळी एका बाजूला ओढल्यासारख्या दिसत असतील, तर नाभी फार प्रखर आहे. तिथे आयनांची गर्दी एकमेकांना ढकलते आणि लेसरचे तीव्र विद्युतक्षेत्र पातळ्याच सरकवते. अशा वेळी ऊर्जा वाढवू नका, कमी करा, किंवा जास्त लांब नाभीचे भिंग घ्या. सिग्नल लहान होईल पण खरा असेल.

पाचवी फेरी: बाहेरची छोटी कुपी

अजूनही उत्तर नसेल तर चेंबर उघडण्याआधी हे जरूर करा, कारण याने संशय बरोबर मधोमध कापला जातो. फ्यूज्ड सिलिकाच्या दोन खिडक्यांची काचेची कुपी, आत एक सेंटिमीटर अंतरावर दोन धातूच्या पट्ट्या, ५ ते १० मिलिबार कोरडी हवा, पट्ट्यांमध्ये १५० ते २०० व्होल्ट, आणि एक प्रवाह-अँप्लिफायर. लेसर दोन पट्ट्यांच्या मधे नाभीत आणायचा आणि स्कॅन करायचा. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतोच. नायट्रोजनची आयनन ऊर्जा १५.६, तिला चार फोटॉन लागतात, त्यामुळे तिचा गोंधळ फारसा होत नाही. खोलीच्या तापमानाचा वर्णपट गजबजलेला असतो, सातव्या-नवव्या पातळीच्या आसपास सर्वाधिक गर्दी, पण तो दिसायला हवा.

कुपीत ऑक्सिजन दिसला तर लेसर निर्दोष आहे, दोष चेंबरच्या बाजूला. कुपीतही नाही दिसला तर चेंबरला हात लावायचे कारणच उरत नाही. ही कुपी दोन दिवसांत तयार होते आणि वर्षानुवर्षे वेळ वाचवते. अशा प्रत्येक प्रयोगशाळेत ती असावी असे ठाम मत आहे.

सहावी फेरी: डाय

दोष लेसरकडे निघाला आणि ऊर्जा हळूहळू मरत असेल तर डाय जुना झाला आहे. रोडामीन ६जी ची कमाल ५७५ पेक्षा अलीकडे असते, आपण तिच्या लाल उतारावर उभे असतो. डाय थकला की हा उतार आधी ढासळतो. एएसई नावाचा पसरट प्रकाशही वाढतो, म्हणजे ऊर्जामापक चांगला आकडा दाखवतो पण कामाचा प्रकाश त्यात कमी असतो. तपासणी सोपी आहे: ऑसिलेटरमध्ये ग्रेटिंगच्या वाटेवर काळा कागद धरा. जो प्रकाश तरीही बाहेर येतो तो सगळा एएसई. मूळच्या एक-दोन टक्क्यांपेक्षा जास्त निघाला तर द्रावण बदला.

बदलताना जुने द्रावण पूर्ण काढा, त्याच द्रावकाने दोनदा धुवा, मग नवे भरा. ऑसिलेटरचे द्रावण अँप्लिफायरपेक्षा दाट असते, दोन्ही बाटल्यांची अदलाबदल हा नेहमीचा अपघात आहे. ५७५ च्या लाल बाजूला आणखी ऊर्जा हवी असेल तर रोडामीन बी थोडे मिसळतात. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे, पूड वजन करताना हातमोजे आणि फ्यूम हूड दोन्ही हवेत.

सातवी फेरी: व्हॉल्व्ह आणि वायू

दोष चेंबरकडे असेल तर अजूनही बाहेरून सुरुवात करा. व्हॉल्व्ह बंद करून वर्णपट घ्या, मग चालू करून घ्या. बंद असतानाही ३२ दिसत असेल आणि ओळी गरम वायूच्या असतील तर हवेची गळती आहे. त्याच वेळी अवशिष्ट वायू मापकावर २८ आणि ३२ चे प्रमाण साधारण चारास एक दिसेल. झोत थंड असेल, समजा १० केल्विन, तर जवळपास सगळे रेणू १ आणि ३ क्रमांकाच्या पातळीत असतात. ७ आणि ९ च्या ओळी ठळक असतील तर झोत थंड होत नाही.

त्याची नेहमीची कारणे: नोझलमागचा दाब कमी, व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा, किंवा आतली टेफ्लॉनची टोपी झिजलेली. पहिल्या फेरीतला विलंबाचा आलेख आता बाहेर काढा. रुंदी पूर्वीपेक्षा वाढलेली असेल आणि चेंबरचा दाबही चढलेला असेल, तर टोपी झिजली आहे. ती बदलायला चेंबर उघडावाच लागतो. उघडलाच आहे तर खिडक्याही आतून पाहून घ्या.

शुद्ध ऑक्सिजन वापरत असाल तर दोन गोष्टींत तडजोड नाही. रेग्युलेटर आणि नळ्यांवर तेलाचा किंवा ग्रीसचा थेंबही नको, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तो पेट घेतो. आणि हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन ओढणाऱ्या रोटरी पंपात साधे खनिज तेल चालत नाही, परफ्लुओरोपॉलिईथर तेल लागते. आर्गॉनमधला पाच टक्के ऑक्सिजन बहुतेक प्रयोगांना पुरतो, झोतही जास्त थंड करतो. शुद्ध वायूचा हट्ट धरण्याचे कारण क्वचितच असते.

इथे थांबा

याग लेसरच्या वीजपुरवठ्याचे झाकण काढू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा भार उरलेला असू शकतो. फ्लॅशलॅम्प बदलणे, याग लेसरचा रेझोनेटर जुळवणे आणि डागाळलेला ५३२ चा झोत सुधारणे ही कामे लेसरच्या सेवा-अभियंत्याची. डागाळलेल्या झोतावर काम चालू ठेवले तर डाय सेल आणि क्रिस्टल दोन्ही जळतात.

टर्बो पंपाचा आवाज बदलला, शिट्टीसारखा झाला किंवा थरथर जाणवली, तर तो थांबवून कंपनीच्या तंत्रज्ञाला बोलवा. बेअरिंग गेल्यावर पात्यांचे तुकडे सगळ्या चेंबरभर होतात. मायक्रोचॅनेल प्लेटला दाब १०⁻⁶ मिलिबारच्या खाली गेल्याशिवाय व्होल्टेज देऊ नका. तिच्यावर ठिणग्या दिसल्या किंवा प्रवाह स्वतःहून चढू लागला तर व्होल्टेज शून्यावर आणा. सिग्नल परत आणण्यासाठी व्होल्टेज नेहमीच्या मर्यादेच्या वर चढवणे हा उपाय नाही, प्लेट त्याने कायमची जाते. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरमधून गळती असेल तर सिलिंडरची झडप बंद करून वायू-पुरवठादाराला कळवा, घरगुती टेप आणि सील लावू नका.

अभियंत्याला बोलावताना पाच गोष्टी हाताशी ठेवा: क्रिस्टलनंतरची आणि खिडकीपुढची ऊर्जा, निऑनच्या दोन ओळींवरचे कॅलिब्रेशन, विलंबाचा आलेख, ऊर्जेच्या आलेखाचा उतार, आणि छोट्या कुपीत ऑक्सिजन दिसला की नाही. एवढे असेल तर त्याचा पहिला दिवस पुन्हा तेच मोजण्यात जात नाही.